कोण आले?

आबांची ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यात कुठं हसायचं ते नव्या सुनांनाही पाठ असतं. १९६१चा पावसाळा. धारणीच्या पुढं, तापीकडं उतरणाऱ्या एका नाल्याच्या काठी चाळीसेक घरांचं कोरकूंचं गाव. कुडाच्या भिंतींची एक खोली, तीच शाळा. आबा परतवाड्याहून थोडं मोटारीनं, थोडं बैलगाडीनं आणि शेवटी पायी असं करत तिथं हजर झालेले. समोर एकवीस पोरं. पहिला आठवडाभर पोरांनी तोंडच उघडलं नाही. मग एका सकाळी आबांना वाटलं, पोटात काही नसेल तर पोरगं बोलेल कशाच्या जोरावर? त्यांनी विचारलं, "न जेवता कोन कोन आलं रे?" बाजाराला जाऊन चार मराठी शब्द उचललेला एक थोराड पोरगा होता. त्यानं मागं वळून काहीतरी पुटपुटलं आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आले!"

आबांची पाचावर धारण बसली. तपासणीचे साहेब आले! त्यांनी टोपी सारखी केली, कोटाची गुंडी लावली, हजेरीपट काखेत मारला आणि दारात जाऊन उभे राहिले. बाहेर धो धो पाऊस आणि वळचणीला कुणाची तरी भिजलेली शेळी. "कोन आले बे?" पोरं आणखी जोरात, "आले! आले!" दोघातिघांनी तर छातीला हात लावून दाखवला. "अबे, पन कोन आले?"

इथं हसायचं.

पुढचा भाग आबांनी मला एकटीला सांगितला, तोही फार उशिरा. अचलपूरच्या घराची ओसरी, आबांची नजर गेलेली आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवणारी. कोरकू भाषेत 'आले' म्हणजे 'आम्ही'. त्यांचा 'आ' जरा आखूड, एवढाच काय तो फरक. उपाशी कोण? तर आम्ही. "म्हंजे पोट्टे सांगून राह्यले होते, आमी उपाशी आहो मास्तर, तू नाहीस," आबा म्हणाले, "अन् म्या साहेब पाहून राह्यलो होतो दारात." मग पेपर चाळल्यासारखे हात करत राहिले, आणि म्हणाले, "वाच पुढं."

आबा दुष्ट नव्हते. मास्तर म्हणून तर फारच प्रामाणिक. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते ज्याला वाचता येत नाही, त्याच्या भाषेचं लोणचं घालायचं का, असा त्यांचा रोकडा सवाल असे. आणि त्यांनी पाहिलेल्या सावकारांकडं बघता तो खोटाही नव्हता. जंगलातला गार्ड, बाजारातला व्यापारी, कचेरीतला कारकून, सगळे मराठीत नाहीतर हिंदीत लुबाडायचे. तेव्हा पोरांना मराठी यायलाच हवं. इथवर माझंही भांडण नाही. भांडण पुढं आहे. पोरांनी लवकर शिकावं म्हणून आबांनी नियम केला: वर्गात कोरकू बोललं की दंड. पैसे कुणाजवळ असणार? म्हणून दंड पाण्याचा. एका शब्दाला एक कळशी, नाल्यावरून आणायची आणि शाळेपुढं लावलेल्या कडुनिंबाच्या दोन रोपांना घालायची. कोण बोललं आणि काय बोललं ते मॉनिटरनं वहीत टिपायचं.

ती दंडवही आबांच्या मागं ट्रंकेत सापडली. निळ्या कापडी पाठीची, लांबोडकी, आतली पानं तंबाखूसारखी पिवळी पडलेली. १९६२ ते १९६७. एका रकान्यात तारीख, एकात नाव, एकात शब्द. मॉनिटर बदलला की अक्षर बदलतं, आणि शब्दाचं स्पेलिंग म्हणाल तर ज्याच्या त्याच्या कानाचं. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'डा'. डा म्हणजे पाणी. तहान लागली म्हणून पोरगं मित्राला पाणी मागायचं, आणि पाणी मागितल्याचा दंड म्हणून पाणी आणायला जायचं. त्याखालोखाल 'उरा', म्हणजे घर. 'जोम', खाणं. एका तारखेला सलग सात नावं आणि सातांपुढं एकच शब्द, 'कुला'. कुला म्हणजे वाघ. त्या दिवशी खरोखरच वाघ शाळेमागून गेला होता म्हणे. आबांनी आधी दार लावून घेतलं आणि मग सातांचे दंड लिहून घेतले. तत्त्वाला माणूस पक्का!

पोरांना कशाकशासाठी आपली भाषा लागते, याचा हा इतका चोख कोश कुणी ठरवून केला नसता. वेल्समधल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत, जपानच्या ओकिनावात तिथली बोली बोलणाऱ्याच्या गळ्यात पाटी घालत. आबांनी या दोन्ही जागांची नावंही ऐकली नसावीत. दूरदूरच्या मास्तरांना हे एकच औषध कसं सुचतं कोण जाणे. आबांच्या औषधावर निदान दोन झाडं वाढली.

घरात कोरकू खरी आली ती आजीमुळं. आबा दंड करता करता शब्द शिकले, आजी भांडीकुंडी घासता घासता. नाल्यावर तिला एक म्हातारी भेटायची. तिचं नाव आजीनं कधी घेतलं नाही, ती कायम 'माही बुढी'. वरच्या कोरकू घरची. आजी तिला मीठ द्यायची, ती आजीला मोहाची फुलं आणि गोष्टी द्यायची. गोष्ट मात्र रात्रीच. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, ही वऱ्हाडातली समजूत आजीनं बुढीला सांगितली तेव्हा बुढीला आपल्या जंगलात चुकायला मामाची गरज काय असा प्रश्न पडला होता. तरी आजीच्या मामांवर दया करून ती अंधार पडल्यावरच यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं जायचो, तेव्हा आजी त्या गोष्टी आम्हाला वऱ्हाडीत सांगायची. जगाच्या सुरुवातीची गोष्ट माझ्या डोक्यात तिच्याच आवाजात आहे. सातपुडा रिकामा पडला होता. माणूसच नव्हता. रावणानं महादेवाची आराधना केली, की बाबा, या डोंगरात कुणीतरी घाल. महादेवानं कावळ्याला धाडलं, लाल मातीचं वारूळ शोधून काढ म्हणाला. कावळ्यानं शोधलं. महादेवानं ओंजळभर माती घेतली आणि एक बाई, एक पुरुष, अशा दोन बाहुल्या केल्या. सुकायला ठेवल्या, तर इंद्राचे घोडे आले आणि तुडवून गेले. पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. "मंग महादेव का बसते काय बाप्पा?" आजी विचारायची. महादेवानं त्याच मातीचं एक कुत्रं केलं, त्याच्यात जीव घातला आणि राखणीला बसवलं. कुत्रं भुंकलं, घोडे पळाले, आणि बाहुल्या सुकून उभ्या राहिल्या. पुरुष तो मुला, बाई ती मुलाई. त्यांची लेकरं म्हणजे कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लावलं की अनेक; कोरकू म्हणजे माणसं. आपल्या जातीला नुसतं 'माणसं' म्हणणारे लोक.

ही गोष्ट इंग्रज अमदानीतल्या, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात, रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या पुस्तकात, जवळजवळ अशीच छापलेली आहे हे मला चाळिशीत कळलं. ग्रंथालयात ते पान उघडून मी बराच वेळ बसले होते. बुढीनं रसेल वाचला नव्हता. तिला ती तिच्या बुढीनं सांगितली असणार. मेळघाटात आजही होळीच्या दिवसांत मेघनाथाच्या खांबाची पूजा होते आणि रावण हा काही जाळायचा पुतळा नसतो. ज्याच्या विनंतीवरून आपण जन्माला आलो त्याला कोण जाळेल? राष्ट्रीय संस्कृती म्हटली की आपल्यापुढं दसऱ्याचं एकच चित्र उभं राहतं. त्याच देशात एक म्हातारी अंधारात बसून दुसरंच चित्र सांगत होती, आणि दोन्ही चित्रांत महादेव एकच होता.

भाषेचं शास्त्र शिकलेल्यांनी कोरकूबद्दल जे शोधलंय ते तर त्याहून नवलाचं. मेळघाट, खंडवा, बैतूल या पट्ट्याच्या अवतीभवती सगळीकडं मराठी, हिंदी, निमाडी, गोंडी. कोरकू यांच्यातल्या कुणाचीच सख्खी नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाळी आणि मुंडारीची बहीण, आणि त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. मधे शेकडो मैल बहिणींचा पत्ता नाही. मुंडा कुळाचं मोठं गोत पुढं खासी, मोन, ख्मेर, व्हिएतनामीपर्यंत पसरलेलं आहे. दंडवहीत गणिताच्या तासाला बोटांवर कोरकूत मोजल्याबद्दल दंड झालेला एक पोरगा आहे. मिया, बारिया, अपई, उफुन. त्यातला 'उफुन' म्हणजे चार. संथाळीत चाराला 'पोन' म्हणतात, कंबोडियात 'बुओन', व्हिएतनाममध्ये 'बोन'. आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मायबोली संथाळी. म्हणजे नाल्याकाठच्या त्या पोराला ज्या चारासाठी एक कळशी पाणी आणावं लागलं, त्या चाराचा सख्खा भाऊ आज राष्ट्रपती भवनात राहतो.

जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं १९०३मध्ये कलकत्त्याला कोरकूचं व्याकरण छापलं. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६मध्ये, ती आली. पुढं शिकागोचे नॉर्मन झिडे यांनी तिच्या उच्चारांवर काम केलं, आणि १९९९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले के. एस. नागराज यांचं व्याकरण आलं, तेही टोकियोतून. कलकत्ता, शिकागो, टोकियो. परतवाडा या यादीत नाही, याची बोच मला आहे. पण यात परतवाड्यापेक्षा आमच्यासारख्या परतवाडेकरांचा दोष अधिक.

व्याकरणाच्या पुस्तकात मला माझ्या आबांची गोष्ट भेटली. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामधे द्विवचन असतं. संस्कृतात होतं, आपण ते टाकून दिलं. आणि 'आम्ही'ला कोरकूत चार शब्द आहेत. 'आलांग', म्हणजे तू आणि मी, दोघंच. 'आलिंग', म्हणजे मी आणि आणखी एक, पण तू नाहीस. 'अबुंग', म्हणजे आपण सगळे, ऐकणाराही त्यात. आणि 'आले', म्हणजे आम्ही सगळे, तू सोडून. हिंदीवाल्याला हे समजावून सांगताना घाम फुटतो, कारण त्याच्याजवळ एकच 'हम'. मराठी माणसाला मात्र एका वाक्यात कळतं, आपल्याकडं 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहेच. 'आम्ही जेवायला चाललो' आणि 'आपण जेवायला चाललो' यांतलं अंतर उपाशी पाहुण्याला विचारावं. एवढ्या एका बाबतीत तरी मराठी मास्तर आणि कोरकू पोरं यांचं व्याकरण जुळत होतं. जुळलेलं कळलं नाही, ही पुढची गोष्ट.

राज्यघटनेच्या उद्देशिकेचा मराठीतला पहिला शब्द 'आम्ही' आहे. तो वाचताना मला दर वेळी वाटतं, इथं ऐकणारा कोण आहे, ज्याला बाहेर ठेवलंय? कोरकूत भाषांतर करायला बसलेल्याला तर सुटकाच नाही. 'आले' लिहायचं की 'अबुंग', हे त्याला पहिल्याच शब्दाला ठरवावं लागेल.

परतवाड्याहून फार लांब नाही असं मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा तिथं गोळा केल्या, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याच परंपरेतली एक गोष्ट आबांना फार प्रिय होती. केशवराज सूरींना संस्कृतात ग्रंथ करायचा होता. नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण काय, तर संस्कृत केलं की पंथातल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांना काही कळणार नाही. मराठीला पहिली मोठी प्रतिष्ठा मिळाली ती अशी, म्हाताऱ्यांची सोय पाहून. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आमच्याही घरात पेढे वाटले. पेढा खाताना मला बुढी आठवली. नागदेवाचार्यांची गोष्ट रंगून सांगणारे माझे आबा रोज सकाळी तिच्या नातवाकडून कळशी भरून घेत होते, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाच्या पोटात सुखानं नांदत होत्या. माझ्याही पोटात बरीच वर्षं नांदल्या. कॉलेजात पुण्याला आले तेव्हा 'करून राह्यली' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या. मी दोन महिन्यांत 'करतेय' म्हणायला लागले. दंडवही नसतानाही दंड भरता येतो.

आकड्यांचं म्हणाल तर २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार आहेत. गोंडी २९ लाख ८४ हजार. भिली म्हणून ज्या बोली एकत्र मोजल्या त्या तर एक कोटीच्या वर. यातली एकही घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अनुसूचीत १४ भाषांनी सुरुवात झाली, आज २२ आहेत. संस्कृत त्यात पहिल्यापासून आहे; ती मायबोली म्हणून सांगणारे २४,८२१. मला संस्कृतचं काही काढून घ्यायचं नाही. पण एक कोटी लोक बोलतात ती बोली आणि पंचवीस हजार लोक बोलतात ती भाषा, हे गणित कुठल्या तासाला शिकवलं गेलं, तेवढं विचारावंसं वाटतं. १९७१पासून जनगणनेनं दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखवणंही सोडलं. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या लोकसर्वेक्षणात देशभरातून ७८० भाषा निघाल्या. त्या मोजायला गावोगावचे लोक बसले होते, हे महत्त्वाचं.

वाट निघते ती कशी निघते, हे संथाळींनी दाखवलंय. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी मयूरभंजात १९२५च्या सुमारास ओल चिकी लिपी तयार केली. मग तिच्यात पुस्तकं निघाली, नाटकं झाली, आणि २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीनं बोडो, डोगरी, मैथिलीबरोबर संथाळी अनुसूचीत आली. मधे पाऊणशे वर्षं गेली. गोंडीला मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये लिपी दिली, शिवाय आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात आणखी एक जुनी लिपी सापडली; आज दोन्ही संगणकात युनिकोडमध्ये आहेत. तरी गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्याच्या लेखी ती अनधिकृत ठरली आणि गावाला कोर्टाची पायरी चढावी लागली. घटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मायबोलीतून देण्याची सोय करावी असं १९५६पासून लिहिलेलं आहे. कागद आपल्याकडं फार पुढं गेलेला असतो, खडू मागून येतो.

सरकारी सोहळ्यांत कोरकूंना बोलावणं असतं, नाही असं नाही. गादली सुसुन नाचायला. 'सुसुन' म्हणजे नाच. बायांच्या एकसारख्या साड्या, पुरुषांच्या डोक्याला फेटे, ढोल, बासरी. निवेदक मराठीत किंवा हिंदीत सांगतो की आता आपल्यासमोर येत आहे आपल्या समृद्ध परंपरेचं लोभस दर्शन. नाच होतो, टाळ्या होतात, नाचणाऱ्यांना कुणी एक वाक्य बोलायला सांगत नाही. पायांना आमंत्रण आणि जिभेला घरीच ठेवून यायची सूचना. होळीला याच बाया रस्ता अडवून फगवा मागतात, तेव्हा त्यांच्या तोंडाची धार ऐकावी. ती स्टेजवर येऊ दिली तर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना पळता भुई थोडी होईल.

व्याघ्र प्रकल्पाचीही एक बाजू आहे. १९७४ला मेळघाटचं जंगल वाघांसाठी राखलं गेलं. चांगलंच झालं, वहीतला 'कुला' वाचला. पुढं या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून अकोट तालुक्याच्या सपाटीला आली, त्यांच्यामागून आणखी काही. जमीन, पैसे, रस्ता यांचा हिशेब झाला, त्यावर भांडणंही झाली. झाडाझुडपांच्या नावांचा हिशेब कुणी केला नाही. ज्या पानाचं, ज्या मुळीचं नाव फक्त कोरकूत आहे ती वनस्पती वरच राहिली, नाव खाली आलं. कापसाच्या शेतात त्या नावाला काम नाही.

हे सगळं सांगताना कोरकूंना देव्हाऱ्यात बसवायला नको. बुलढाण्याकडं, जळगाव जामोदच्या डोंगरात निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगात कुणाचीच नातलग नाही. कोरकूचे शब्द तिच्यात भरपूर, मराठी-हिंदीचेही, काही द्राविडी. पण सगळं चाळून खाली जे उरतं ते कुठंच जुळत नाही. बोलणारे दोन-अडीच हजार असतील. डच पंडित कायपर यांनी १९६२मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. ती मुद्दाम केलेली चोरभाषा तर नसेल, असाही संशय लोकांनी घेऊन पाहिला. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतात मजूर. आजीनं एकदा बुढीला विचारलं होतं, की बाजारात दिसतात ते निहाल कसं बोलतात? बुढी खो खो हसली आणि तोंडानं कसलेसे चित्रविचित्र आवाज काढून दाखवले. आजी हे सांगताना स्वतःही ते आवाज काढायची. अगदी हेच हसू परतवाड्याच्या बाजारात कोरकू बोलणाऱ्या बुढीच्या वाट्याला यायचं, आणि पुण्याच्या होस्टेलवर माझ्या. हसण्याची उतरंड अशी वरून खालपर्यंत रचलेली असते, आणि सगळ्यात खालच्या मडक्यात काय आहे ते बघायला कुणी वाकत नाही.

गेल्या वर्षी मी वही घेऊन त्या गावाला गेले. डांबरी सडक झाली आहे. सेमाडोह, हरिसाल, धारणी, पुढं जीप. शाळेची इमारत पक्की, रंगवलेली. दोन कडुनिंब मात्र तेच. माझ्या दोन कवेत न मावणारे. पहिलीच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका होती, तिथल्याच कोरकू घरातली. पोरांना फळ्यावर 'घर' दाखवायचं असलं की ती आधी 'उरा' म्हणते, पोरं 'उरा' म्हणतात, मग घराचं चित्र, मग 'घर'. एवढंच. फार मोठी क्रांती वगैरे काही नाही. "आधी पोरं दिवाळीपर्यंत गप्पच राहायची," ती म्हणाली, "आता मलाच गप्प करावं लागतं." आईबाप काय म्हणतात? ते विचारतात, मॅडम, इंग्रजी कधी सुरू करणार? कोरकू काय, ती घरी येतेच. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. ज्यानं उपास काढलाय तो आधी भाकरीची भाषा मागणारच. पण घरी येतेच, या भरवशावर किती भाषा बसून राहिल्या आणि एक दिवस घरीही कुणी बोलेना, हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचलं नाही. माझ्या घरात माझ्या मुलांना वऱ्हाडी समजते, ती बोलत नाहीत.

मी वही तिच्या हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि वर्गात धमाल उडाली. 'डा, डा, जोम, कुला, कुला, कुला.' कुण्या मॉनिटरनं 'उफुन'चं 'उपून' लिहिलं होतं ते एका चिमुरडीनं जागच्या जागी दुरुस्त केलं. नावं वाचली जाऊ लागली तशी दारात माणसं जमली. हा माझा आजा. हा तिकडं खंडव्याला गेला. हा वारला, त्याचा सिडोलीचा खांब झाला की. मेलेल्याच्या नावानं सागाचा कोरीव खांब उभा करायचा तो विधी. मला मनातून जरा बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आपण काहीतरी परत आणून दिलं, असं.

शिक्षिकेचे आजोबा काठी टेकत आले. सत्तरीच्या पुढचे. आबांच्या वर्गातले. मी खुर्ची दिली, ते जमिनीवरच बसले. वहीचं एकेक पान त्यांनी बोटानं उलटलं, सावकाश, सगळ्या पाच वर्षांचं. नाव शोधत असतील म्हणून मी विचारलं, "बाबा, तुमचं कुठल्या साली असेल?"

"माहं नाव नाही त्याच्यात, ताई."

"तुम्हाला कधी दंडच नाही झाला?"

"मी बोललोच नाही," ते म्हणाले. "मराठी येत नव्हतं. आपलं बोललं तं दंड. दोन साल बसलो. मंग गुरं राखाले गेलो."

बाहेर दुपारची सुट्टी झाली होती. पोरं कडुनिंबाखाली ताटं घेऊन बसली होती. म्हातारबाबांनी वही मिटली, माझ्याकडं न देता नातीकडं दिली, आणि झाडाकडं बघत म्हणाले, "ह्या झाडाले माहं पानी नाही."

मग ते नातीशी बरंच काही बोलले, कोरकूत. नात ऐकत होती, मधेच हसली, मधेच नाही हसली. तिनं मला त्याचा अर्थ सांगितला नाही, आणि मीही विचारलं नाही. मला त्यातला एकच शब्द ओळखू आला. डा.